भोंगा झाला की उठायचं

आम्ही नवराबायकोनं लई इंग्रजी पिक्चर बघितले, पण एकाचाही शेवट जोडीनं बघितला नाही. सांगितलं की माणसं हसतात. हसू देत. शेवट बघून ज्याचं भलं झालं असं एकही माणूस मला सोलापूरच्या भवानी पेठेत अजून भेटलेलं नाही.

मी शरणम्मा. शाळा चौथीपर्यंत, त्यातलंही निम्मं वर्ष मास्तरीणबाईंच्या घरी पाणी भरण्यात गेलं. तरी मला इंग्रजी पिक्चर कळायचे, कारण शेजारी धोंडप्पा बसलेले असायचे. धोंडप्पा म्हणजे आमचे मालक. आयुष्यभर नाव घेतलं नाही, आता घेते. कोण काय म्हणणार?

ते गिरणीत साचाखात्यात होते, मागावर. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं. मग इंग्रजी पिक्चरच का? तर हिंदी-मराठी पिक्चरला गेलं की पुढच्या बाकावर आत्या, मागच्या बाकावर मामेसासरे. नवी सून नवऱ्याला चिकटून पिक्चर बघते म्हणून संध्याकाळपर्यंत पेठभर बोभाटा. इंग्रजीला मात्र आमच्या आळीतलं काळं कुत्रंही यायचं नाही. दुपारच्या खेळाला ते जुने, घासलेले पिक्चर लावायचे. पडद्यावर सारखा उभा पाऊस पडल्यासारखा दिसायचा आणि त्या पावसातून बायका चालत यायच्या. उंच, कमरेत बारीक, हातात कोपरापर्यंत मोजे. ओठ काळे दिसायचे, म्हणजे लालच असणार. रडल्या तरी त्यांचं काजळ पसरायचं नाही, ह्याचं मला लई नवल. नाकं मुरडत बघायला लागले आणि बघता बघता जीव जडला.

मालक कानात सांगत राहायचे. "हा तिचा भाऊ. हा सावकार. हिला आता क्षयरोग होणार बघ." कुठून कळायचं त्यांना, देव जाणे. पण पटायचं.

आता शेवट का बघितला नाही, ते सांगते. त्यांची दुसरी पाळी, तीनची. अडीचला गिरणीचा पहिला भोंगा व्हायचा. तेव्हा सोलापुरात भोंगा झाला की घड्याळं लावायचे, अशी त्याची वट. तो थेटराच्या पत्र्यातून थेट आत यायचा. पडद्यावर कुणी मरत असो की कुणाचं लग्न लागत असो, भोंगा झाला की थर्ड क्लासची निम्मी बाकं उठायची. पायाशी ठेवलेले जेवणाचे डबे खडखडायचे, मागून वकिलाची पोरं ओरडायची, "अरे बसा की खाली!" आमची माणसं गुडघ्यांना गुडघे घासत बाहेर. मालक माझ्या कोपराला नुसतं बोट लावायचे. बोलायचे नाहीत. त्याचा अर्थ, ऊठ.

शेवट ते मला वाटेत सांगायचे. बाईमाणसानं चार पावलं मागं चालायचं, अशी रीत. म्हणून ते पुढं बघत सांगायचे आणि मी मागून पदराच्या आतून ऐकायची. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस एकटाच बडबडत चाललाय. "मग ती राणी बोलायला लागली बघ." "मग म्हाताऱ्याला त्याची घोडागाडी परत मिळाली." शेवट झाला नाही असा त्यांच्याकडं एकही पिक्चर नव्हता. आणि सगळे शेवट चांगले. मी कधी विचारलं नाही, बघितल्याशिवाय तुम्हाला कसं ठाऊक. भाकरी फुगली की नाही हे बघतात, आतली वाफ कुठून आली विचारत नाहीत.

सुट्टीच्या वारी ते दुपारी हजामतीला जायचे आणि निम्म्या वेळा दाढी तशीच ठेवून परत यायचे, डोळे लाल. गर्दी होती म्हणायचे. मी म्हणायची, "न्हाव्यानं दाढी सोडून डोळ्यांतच साबण घातला जणू."

पिक्चरची इंग्रजी नावं आम्हाला येत नव्हती. आमची नावं आम्हीच ठेवलेली. दोन टोप्यांचा. पाण्यावरच्या हॉटेलाचा. मुक्या राणीचा. आणि माझा सगळ्यात लाडका, कोटाचा.

कोटाचा असा. सगळीकडं बर्फ पडणारं एक गाव. तिथं एक बाई शिवणकामाचं दुकान चालवते, एकटी. एक माणूस येतो, त्याच्या कोटाची बाही फाटलेली. कोट शिवायला देतो आणि बोटानं झाडाची पानं दाखवतो. म्हणजे, पानं गळायच्या आत येतो. कामधंद्याला आगगाडीनं निघून जातो. ती कोट नीट करते, काचेपलीकडं खुंटीला अडकवून ठेवते. पानं गळतात. बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा पडतो. समोरचा खाटीक तिला मागणी घालतो, ती नाही म्हणते. गिऱ्हाइकं कोट मागतात, ती नाही म्हणते. तिचे केस पांढरे होतात. पावडर लावली असणार, पण छान दिसायची. मग एका रात्री बर्फात कुणीतरी काचेबाहेर उभा. काचेवर वाफ धरलेली, तोंड दिसत नाही, नुसती सावली. ती दिवा उचलते, कोट खुंटीवरून काढून हातावर घेते, दाराच्या कडीला हात घालते.

आणि भोंगा.

त्या दिवशी मी रीत मोडून दोन पावलं पुढं गेले. "कोण होतं ओ?"

"तोच की. दुसरा कोण असणार?" मालक पुढं बघत म्हणाले. "गाडीला उशीर झाला म्हणाला. कोट घातला. बाह्या तेवढ्या आखूड झाल्या."

आखूड बाह्या म्हणाले म्हणून माझा पक्का विश्वास बसला. खोटं बोलणारा माणूस बाह्या बरोबर बसवील.

पुढं आम्हाला दोन मुलगे झाले. थोरला मृत्युंजय, धाकटा अमरेश. थोरला बापासारखा गोड बोलायचा, शिटी वाजवायचा, चालताना भुई दणाणायची. धाकटा जन्मला तेव्हासुद्धा रडला नाही. दाईनं दोन चापट्या दिल्या तेव्हा कुठं कुरकुरला. गिरणी बंद पडली त्या वर्षी थोरला पुण्याला कामाला म्हणून स्टेशनवर गेला. शेजारच्या टेलिफोनवर एकदा फोन आला, "अव्वा, दिवाळीला येतो." त्यानंतर नाही. त्या दिवाळीलाही नाही आणि कुठल्याच नाही. पुणं पालथं घातलं, सुरतेपर्यंत माणसं पाठवली. बरं नाही, वाईट नाही, काहीच कळलं नाही.

मी दारात बसून राहिले की मालक म्हणायचे, "गाडीला उशीर झाला असंल."

मला कळायचं, हे कोटाच्या पिक्चरमधलं आहे. पण त्या पिक्चरमध्ये तो आला होता ना. मग झालं तर.

गिरणीचे पैसे मिळाले त्यातून पेठेत चादरी-टॉवेलांचं दुकान घातलं. पाटी मी लावायला लावली, मृत्युंजय चादर स्टोअर्स. म्हटलं, येईल तेव्हा दुकान शोधायला नको. दुकान चालवलं अमरेशनं. गिऱ्हाइकं पाटी वाचून त्याला मृत्युंजयशेठ म्हणायची आणि तो "बोला की" म्हणायचा. केस पिकले त्याचे, अजून तसंच चालू होतं. त्यानं कधी पाटीबद्दल तोंड उघडलं नाही. मीही नाही.

गेल्या माघात मालकांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कानात सांगणारा माणूस, त्याचीच वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सेवा करा. सेवा अमरेशनं केली. सकाळी दुकान उघडायच्या आधी बापाला उचलून न्हाणीत न्यायचा, अंग पुसायचा, दाढी करायचा. सून राजेश्वरी पेज भरवायची. तिच्या हाताला चव नाही, पण हात हलका आहे, हे मी तिच्यामागं कबूल करते.

माळशिरसहून माझे दीर रुद्रप्पा आले. उसाच्या पैशानं अंगठ्या वाढल्या, अक्कल तेवढीच. भावाकडं बघून झालं आणि पानाला चुना लावत म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण येळ आली तर पुढं कोण हुणार? म्हंजे, तयारीत असलेलं बरं."

मी म्हटलं, "थोरला आल्याशिवाय ह्यांना उचलायचं न्हाय. मी जित्ती हाय तवर न्हाय."

"आन् न्हाय आला तर?"

"तुमी वाट बघायला आलाय का जेवायला? जेवा आन् जावा."

अमरेश औषधांची पिशवी घेऊन दारातच उभा होता. पिशवी टेबलावर ठेवून तो दुकानाला गेला. रात्री जेवताना मी त्याला सांगितलं, पेपरात पुन्हा जाहिरात दे, वडील अत्यवस्थ म्हणून.

"दिलीय अव्वा. पुण्याच्या पेपरात बी दिलीय."

"सुरतेच्या?"

त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. "अप्पांना मी रोज उचलतो, अव्वा. शेवटचं उचलायलाच तेवढा दुसरा लागतो व्हय?"

जन्मात पहिल्यांदा तो मला असं बोलला. मी म्हटलं, "लागतो. थोरल्याचा मान थोरल्याचा." तो उठला, हात धुतला. ताटात भाकरी तशीच. राजेश्वरीनं माझ्याकडं असं बघितलं की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिला सोडली नसती.

अक्षता ही अमरेश-राजेश्वरीची मुलगी. कॉलेजात जाते, डोळ्याला डोळा देऊन बोलते, माझ्यावर गेलीय. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. घरात जे झालं ते तिला टोचलं असावं. पण पोरांना भांडण मिटवता येत नाही, मग ती काहीतरी आणून देतात.

"आज्जी, तुझ्या कोटाच्या पिक्चरचं नाव काय?"

"कोटाचा."

"इंग्लिश नाव गं."

"मला इंग्लिश आलं असतं तर तुझ्या आज्याला कानात कशाला बोलू दिलं असतं?"

तिनं मला पानं, खाटीक, काच, सगळं विचारलं आणि मोबाइलवर बोटं नाचवत बसली. दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी ओरडत आली. सापडला म्हणे. टीव्हीवर लावता येतो. "आज्जी, हा चाळीसच्या दशकातला आहे! तू जन्मायच्या आधीचा!"

"सिद्धरामेश्वर बी माझ्या जन्माआधीचाच हाय. म्हणून काय दर्शन घिऊ नये?"

मालकांच्या खाटेसमोर टीव्ही आणला. मी खाटेशेजारी खुर्ची घेतली. पडद्यावर आता पाऊस नव्हता, सगळं धुतल्यासारखं लख्ख. दुकान आलं, बाई आली. तीच! मला वाटलं होतं माझ्या मनात ती उगाच देखणी झाली असेल. पण नाही, होतीच देखणी. अक्षता वाक्यं मराठीत सांगत होती. मालकांचं पुष्कळसं बरोबर निघालं. खाटीक मात्र खाटीक नव्हता, औषधं विकणारा होता. मी मालकांकडं बघून म्हटलं, "एवढं नाटकी सांगत होता, दुकान तरी नीट बघायचं." ते पडद्याकडं बघत होते. अर्ध्या तोंडानं हसत होते.

मग रात्र झाली, बर्फ पडायला लागला. काचेवर सावली आली. बाईनं दिवा उचलला.

आणि मालकांनी डावा हात खाटेच्या दांडीवर आपटायला सुरुवात केली. धाड धाड. घशातून आवाज येत होता. अमरेश दुकानातून जेवायला आला होता, तो पळत आत आला. "अप्पा, काय हुतंय? छातीत दुखतंय?" अक्षतानं टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं ते शांत झाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. सगळा बघितला त्यांनी, अगदी चित्त लावून. सावली आली की पुन्हा हात आपटायला लागले. डोळे माझ्याकडं. मला वाटलं, डोक्यात जुना भोंगा वाजत असेल, उठायची सवय. मी म्हटलं, "आता कुठली पाळी? गिरणीच्या जागेवर बंगले झाले." पण हात थांबेना. अक्षता म्हणाली, "राहू दे आज्जी, नंतर बघू." नंतर कधी? डॉक्टर रोज येऊन नाडी बघून मान हलवत होते.

त्याच आठवड्यात बंदेनवाज भेटायला आले. हे थेटराचे जुने दारवान. मेंदी लावलेली दाढी, काठी, दम लागलेला. थेटर पडून तिथं मंगल कार्यालय झालं तरी हा माणूस अजून दारातून आत येताना पडदा बाजूला सारल्यासारखा हात करतो. खाटेजवळ बसले, मालकांचा हात हातात घेतला.

"धोंडू, काय रे हे? असा झोपलास व्हय?" मग मला म्हणाले, "भाबी, ह्याच्यासारखा शौकीन आदमी न्हाय बघितला. सुट्टीच्या दिवशी अडीच वाजता हाजीर. म्हणायचा, नवाजभाई, आखरीचं रीळ बघू द्या. मी सोडायचो. उभ्या-उभ्या बघायचा, भिंतीला टेकून."

मी पेल्यात चहा ओतत होते. पेला भरून बशीत सांडला तरी ओतत राहिले.

"कुठल्या पिक्चरला?" मी विचारलं.

"सगळ्याच. तुमाला शेवट सांगायला लागतो म्हणायचा." ते हसले. "आन् बाहेर येताना ढसाढसा रडायचा. इंग्रज लोकं लई माणसं मारायची ओ पिक्चरात! मी म्हणायचो, आता भाबीला घिऊन येशील तवा काय सांगणार? तर म्हणायचा, बघू, वाटेत सुचंल."

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोप लागलेली नव्हती, मला त्यांची झोप ठाऊक आहे.

बंदेनवाज गेल्यावर मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला रडू आलं नाही, राग आला. मला काय काचेची समजला होता हा माणूस? सासूचा जाच मी काढला, गिरणी बंद पडल्यावर चुलीचा मी विचार केला, पोरगा गेला तरी मी उभी. आणि मला म्हणे पडद्यावरचं मरण सोसलं नसतं! मग वाटलं, मुकी राणी बोललीच नसणार. म्हाताऱ्याची घोडागाडी गेली ती गेलीच. आणि कोट?

ते झोपल्यावर मी अक्षताला माजघरात बोलावलं. म्हटलं, मोबाइलवर लाव, आवाज बारीक ठेव. नुसता शेवट.

एवढ्याशा पडद्यावर मी तो शेवट बघितला. बाई दार उघडते. दिवा वर धरते. बाहेर एक म्हातारा उभा, अंगात नुसता सदरा, दात वाजताहेत. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहते. किती बघते! मलाही वाटलं, आता ओळख पटेल, आता पटेल. मग तिचा दिवा खाली येतो.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

अक्षता म्हणाली, "म्हणतोय, माफ करा बाई, मी कुणी नाही. काचेतून उजेड दिसला म्हणून उभा राहिलो."

बाई हातावरचा कोट उलगडते आणि त्याच्या अंगात घालते. एकेक गुंडी लावते, वरपासून खालपर्यंत. बाह्या अगदी बरोबर बसतात. तो निघून जातो. काचेत रिकामी खुंटी दिसते. मग अक्षरं येतात.

अक्षता रडत होती. मी म्हटलं, "रडतीस कशाला? कोट तिचा गेला, तुझा न्हाय." पण माझ्या जिवाचा संताप झाला होता. इतकी वर्षं जपलेला कोट कुठल्या वाटसराला दिला! आणि तो उद्या सकाळी आला तर? त्यानं काय घालायचं? बाई चुकली. पिक्चर काढणारा चुकला. मी तशीच बसून राहिले, पाय बधिर होईपर्यंत.

संध्याकाळी मालक जागे होते. घरात दिवेलागण झालेली. मी खाटेवर बसले आणि म्हटलं, "बघितला मी शेवट."

त्यांची नजर माझ्यावर खिळली. डाव्या हाताची बोटं चादरीवर थांबली.

काय काय बोलायचं मी ठरवून आले होते. फसवलंत म्हणणार होते. माझं अर्धं आयुष्य दारात बसून गेलं, ते तुमच्या एका खोट्या शेवटापायी, असं म्हणणार होते. पण त्या डोळ्यांत असं भ्यालेलं काहीतरी होतं, साच्यात हात सापडल्यावर माणसाच्या डोळ्यांत असतं तसं.

"तोच होता," मी म्हटलं. "गाडीला उशीर झाला म्हणाला. बाह्या आखूड झाल्या."

ते लई वेळ माझ्याकडं बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं, मी खोटं बोलतेय. मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक आहे. डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडं गेलं. मग त्यांनी हात सरकवत आणला आणि माझ्या कोपराला एक बोट लावलं.

मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरेश त्यांची दाढी करत होता. एक गाल झाला, दुसऱ्या गालाला साबण लावला आणि तो म्हणाला, "अव्वा, हितं ये." त्याच्या हातातच गेले. उरलेला गाल त्यानं तसाच पूर्ण केला. कुठं कापलं नाही.

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, अंगाला विभूती लावून भिंतीला टेकवून बसवतात, मांडी घालून. डोकं पडू नये म्हणून कपाळाला कापड बांधून ते खुंटीला बांधतात. तसंच समाधीत बसवतात. मालकांना सोप्यात बसवलं. माणसं जमली. सतरंजीवर मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, खांद्याला खांदा लावून. लोकांसमोर अशी मी त्यांच्या शेजारी कधीच बसले नव्हते. बसले ती अंधारातच, बाकावर, आणि तीही भोंगा होईपर्यंत.

वैशाखातलं ऊन. दुपार चढत चालली. स्वामींचे मंत्र झाले, बेल झाला. विमान, म्हणजे बसवून न्यायची सजवलेली खुर्ची, दारात येऊन थांबलं. कुणी कुणाकडं बघेना. शेवटी रुद्रप्पा पुढं झाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, तुमीच बोलला हुता. थोरला आल्याशिवाय उचलायचं न्हाय. मग? थांबायचं का? किती थांबायचं?"

मी दाराकडं बघितलं. अमरेश उंबऱ्यात उभा होता, हातात बेलाची पिशवी, अंगात नुसता बनियन, विभूतीनं माखलेला. एवढ्या उन्हात तो हुडहुडी भरल्यासारखा कापत होता. आत यावं की बाहेर थांबावं, त्याला कळत नव्हतं.

मी त्याच्या पलीकडं बघितलं, रस्त्याकडं. बघितलं, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यापर्यंत बघितलं. टेम्पो उभा होता, ऊन होतं.

टेम्पोवाला पोऱ्या आत डोकावला आणि अमरेशला म्हणाला, "मृत्युंजयशेठ, गाडी फिरवून लावू का?"

"लाव की," अमरेश सवयीनं म्हणाला.

"त्याचं नाव अमरेश हाय," मी म्हटलं.

 पोऱ्या घाबरला. रुद्रप्पांनी तोंड उघडलं, मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं, त्यांनी मिटलं. आता एकच बोलायचं राहिलं होतं. ते बोललं की मी एका दिवसात दोघांना मातीत घालणार होते, आणि दुसऱ्यासाठी कुणी बेलसुद्धा आणलेला नव्हता.

"अमरेश, पुढं हो," मी म्हटलं. "तुझ्या अप्पांना उचल."

तो आला. वाकला. बापाच्या काखेत हात घातले, रोज सकाळी घालायचा तसेच. मी त्याच्या अंगावर माझा पदर टाकायला गेले, पण तोवर तो उचलून वळला होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. नाही बघितलं ते बरोबरच.

बायका रडायला लागल्या. टेम्पोचा आवाज पेठेतून लांब गेला. सगळे उठले. मी बसूनच राहिले. भिंतीवर त्यांच्या पाठीची विभूती उमटली होती. कपाळाचं कापड खुंटीवरून लोंबत होतं. राजेश्वरीनं ते सोडायला हात वर केला, मी म्हटलं, "राहू दे थोडा येळ."

ती माझ्याजवळ बसली. अडीच वाजले असावेत, ऊन तसं होतं. भोंगा झाला नाही. गिरण्याच नाहीत तर भोंगा कुठला. मी दाराकडं बघत होते. आणि गाडीला उशीर झाला असंल, असं म्हणणारं घरात आता कुणी नव्हतं.